री ओढणारे

गुढीपाडव्याच्या आधी नारायणगावला जायचं ते तमाशा बघायला नाही, तमाशा ठरवायला. फडांच्या राहुट्या ओळीने लागलेल्या असतात. प्रत्येक राहुटीत एक टेबल, चार खुर्च्या, मागे फडाचा रंगीत फ्लेक्स आणि टेबलावर तारखांची वही. गावोगावच्या जत्रा कमिट्या जीपमधून उतरतात, या राहुटीतून त्या राहुटीत फिरतात, गाणारीण कोण, सोंगाड्या कोण, वग कुठला ते विचारतात, घासाघीस करतात आणि आपल्या देवाच्या यात्रेची सुपारी देऊन परत जातात. दसऱ्याला सुरू झालेला तमाशाचा हंगाम बुद्धपौर्णिमेला संपतो. त्यातले शेवटचे, जत्रांचे दिवस या टेबलांवर वाटले जातात.

मी सुपारी द्यायला आलो नव्हतो, त्यामुळे मला कुणी खुर्ची दिली नाही. एका राहुटीसमोर उभा राहून फ्लेक्सवरचे चेहरे मोजत होतो. मालक, मालकांचे वडील, गाणाऱ्या बायका, सोंगाड्या, ढोलकीवाला. सतरा झाले. वहीवाल्याला विचारलं, "यात सुरत्या कुठला?" त्याने आधी फ्लेक्सकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सुरत्या फोटोत नसतो, पाव्हणं," म्हणाला, आणि राहुटीच्या मागे चहाची भांडी विसळत बसलेल्या एका म्हाताऱ्याकडे त्याने अंगठा दाखवला.

सुरत्या म्हणजे तमाशात तुणतुणं किंवा झांज घेऊन मागे उभा राहतो तो. पुढे गाणारा ओळ टाकतो, सुरत्या तिचं शेपूट उचलतो, सुरात लांबवतो आणि पुन्हा पुढच्याच्या हवाली करतो. गणात त्याच्याशिवाय पान हलत नाही. पण फडाची कीर्ती सांगताना त्याची आठवण कुणाला होत नाही. त्या म्हाताऱ्याने माझा प्रश्न नीट ऐकून घेतला, हात लुंगीला पुसले आणि म्हणाला, "गाणारा दम घेतो तवा गाणं मी धरून ठिवतो. दुसरं काय?"

मी म्हटलं, म्हणून दाखवता? तुणतुणं ट्रंकेत होतं. त्याने उलट्या पातेल्यावर बोटांनी ठेका धरला आणि गण सुरू केला. म्हणजे फक्त आपला भाग. चार अक्षरं उंच सुरात लावली आणि थांबला. ठेका चालूच. पुढच्याची अख्खी ओळ त्याने मनात जाऊ दिली, नेमकी तेवढ्याच मात्रांची, आणि ती संपली तशी पुन्हा आपली चार अक्षरं. असं पाच-सहा वेळा. मुख्य गायक नसलेला गण मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. मधल्या रिकाम्या जागेत काय गायलं जात असणार, ते मला स्वच्छ ऐकू येत होतं.

यंदाच्या माझ्या यादीत पहिलं नाव या गाण्याचं आहे.

ही यादी म्हणजे माझी जुनी खोड. वर्षभर जिथे जिथे लोकगाणं ऐकतो, तिथली चार ओळींची नोंद वहीत करतो, आणि दिवाळीच्या तोंडावर त्यातलं मनात राहिलेलं वेगळं काढतो. एरवी या यादीत शाहिरांची नावं असतात, गाणाऱ्या बायकांची असतात, कधी एखाद्या संबळवाद्याचं असतं. यंदा वही उघडली तर एकही पुढचा माणूस सापडेना. सगळ्या नोंदी मागच्या रांगेच्या. मी काही ठरवून असं ऐकलं नव्हतं. पण नारायणगावच्या त्या पातेल्यानंतर माझे कान तिकडेच जाऊ लागले असणार.

मराठीत या मागच्या माणसाला नावं पुष्कळ आहेत. तमाशात सुरत्या, शाहिरीत झीलकरी, कीर्तनात टाळकरी, गायन पार्टीत कोरस. मान मात्र भाषेने दिलेला नाही. 'दुसऱ्याची री ओढणे' हा वाक्प्रचार गाण्याच्या फडातूनच आला आणि कचेरीत जाऊन शिवी झाला. साहेब म्हणेल त्याला हो म्हणणारा तो री ओढणारा, स्वतःचं डोकं न चालवणारा. ज्याने कुणी या शब्दाला हा अर्थ चिकटवला, त्याने एक रात्रसुद्धा कुणाची री ओढली नसणार.

माझे थोरले चुलते, तात्या, कराडकडच्या एका भेदिक शाहिरीच्या फडात झीलकरी होते. भेदिक म्हणजे कोड्यांचा सामना. एक फड कलगीचा, एक तुऱ्याचा. कलगीवाले शक्तीला थोर मानणार, तुरेवाले शिवाला. एकाने पुराणातला किंवा वेदान्तातला अडचणीचा सवाल गाण्यातून टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच उत्तर द्यायचं, आणि हे पहाटेपर्यंत. तात्या तुऱ्याचे. त्यांना लिहिता-वाचता जेमतेम येत असे, पण झील किती लांबवायची याचा त्यांचा हिशेब पक्का होता. शाहिराला उत्तर सुचलं नसेल तर झीलकऱ्यांनी शेवटचं अक्षर धरायचं, वळवायचं, पुन्हा वर न्यायचं, डफवाल्याने एक आवर्तन वाढवायचं. तेवढ्यात शाहीर ओळ जुळवतो. समोरच्या फडाला मात्र वाटलं पाहिजे, की रंग चढलाय म्हणून हे लोक घोळवतायत. "शाहीर अडकला हे फक्त आम्हाला ठावं," असं तात्या सांगत आणि मिशीत हसत. आठ-आठ तासांच्या सामन्यात शाहिराची अब्रू अशी कितीतरी वेळा झीलकऱ्यांच्या घशात अडकलेली असायची.

पोवाडा छापला की झील गळते. अफजलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा १६५९च्या त्या घटनेनंतर रचला गेला आणि आज उपलब्ध असलेल्या सगळ्यात जुन्या पोवाड्यांत तो मोजतात. अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापला, पुढे य. न. केळकरांनी त्या कामाचा मोठा विस्तार केला. या लोकांचे उपकार आहेतच. पण कागदावर चौकामागून चौक येतात, वीर पडतात, किल्ले येतात, शेवटच्या चौकात शाहीर आपलं नाव गुंफतो आणि गाणं संपतं. त्या रात्री त्याच्यामागे कोण उभं होतं, त्याचा पत्ता नाही. नंतर ध्वनिमुद्रिकांचे तवे आले. एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं. इतक्या वेळात शाहिराने गोष्ट सांगायची की झीलकऱ्यांनी सूर घोळवायचा? तिथेही कात्री कुठे लागली असेल ते सांगायला नको.

एक जोडनाव मात्र कात्रीतून वाचलं. होनाजी बाळा. पुष्कळांना तो एकच माणूस वाटतो. होनाजी शिलारखाने रचणारा आणि बाळा करंजकर गाणारा, असे ते दोघे. व्ही. शांतारामांनी १९५१ साली 'अमर भूपाळी' काढला तो होनाजीवर, पण लोकांच्या तोंडी आजही नाव दोघांचं मिळूनच येतं. विठाबाई नारायणगावकरांचा मूळ फड भाऊ-बापूंचा, म्हणजे त्यांचे वडील आणि चुलते यांचा. लाल बावटा कलापथकात अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर ही तीन नावं एका दमात घेतात. एक पुढे झाला की उरलेले मागे. नाव एकट्याचं करायची घाई नव्हती, तोवर ही जोडनावं टिकली.

श्रावणात बाहेर फिरणं होत नाही. त्या महिन्यात रात्री दिवा मालवून मी जात्यावरच्या ओव्या ऐकल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या दोघांनी पुण्यातल्या आपल्या संस्थेमार्फत महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून एक लाखावर ओव्या गोळा केल्या. पॉइत्वाँ फ्रान्सचे, पण इथलेच झालेले. नव्वदच्या दशकात बर्नार बेल यांनी त्यांतल्या अनेक ओव्यांचं ध्वनिमुद्रण केलं. राईरकर आणि पॉइत्वाँ आज हयात नाहीत. २०१७पासून 'पारी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, हा ठेवा टप्प्याटप्प्याने लोकांपुढे आणते आहे.

मी पूर्वीही या ओव्या ऐकल्या होत्या, पण शब्दांसाठी. सीतेचा वनवास, भावाची वाट, सासुरवास, पंढरीची वाट, काही गावांतून बाबासाहेब. यंदा शब्द बाजूला ठेवले आणि दुसऱ्या बाईचा आवाज ऐकला. कारण जातं एकटीचं काम नव्हे. एकटीने दळता येतं, पण कंबर मोडते. दोघी समोरासमोर बसतात, एकाच खुंट्याला दोघींचे हात. एकीचा हात सुटतो, मूठभर दाणे जात्याच्या तोंडात पडतात, तेवढा वेळ दुसरी ओढते. ओवीचंही तसंच. एक बाई ओळ काढते आणि तिच्या शेवटच्या शब्दावर दुसरी येऊन मिळते, अर्धी ओळ परत म्हणते, तेवढ्यात पहिलीला पुढची सुचते. जातं ओढतात आणि रीही ओढतात, क्रियापद एकच आहे. मला हे इतकी वर्षं लक्षात आलं नव्हतं याचं नवल वाटलं. आई-आजीच्या घरात जातं होतं, मी त्याच्यावर बसून अभ्यास केलेला आहे.

एका ध्वनिमुद्रणात दुसरीचा आवाज पहिलीपेक्षा चांगला आहे. जरा घोगरा, खालच्या पट्टीतला, पण नेमका. तिला हवं असतं तर ती पुढे झाली असती. होत नाही. एका ठिकाणी पहिलीला ओवी आठवत नाही, जातं तीन-चार फेरे मुकं फिरतं, मग दुसरी हलकेच पहिला शब्द पुरवते आणि लगेच मागे सरते. पहिली पुढे गाते जणू तिलाच आठवलं. ही जागा मी किती वेळा ऐकली ते सांगत नाही.

आणखी एक गोष्ट. या संग्रहात ओवीखाली गाव लिहिलेलं आहे, तालुका लिहिलेला आहे आणि गाणारीचं नाव लिहिलेलं आहे. पोवाड्यांच्या जाडजूड ग्रंथांत जे मागच्यांच्या वाट्याला आलं नाही, ते इथे दळणाऱ्या बायकांना मिळालं. पिठाच्या गिरणीने त्यांचे श्रम वाचवले, त्याबद्दल हळहळायचा मला तरी अधिकार नाही. मी कधी पायलीभर दळलेलं नाही.

तारप्याची नोंद वहीत आहे, पण त्याला या लेखात जागा थोडी. गेल्या वर्षी भात झोडपून झाल्यावर जव्हारकडे गेलो होतो. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, मेण आणि पुढे पानांचा कर्णा एवढ्यावर ते वाद्य उभं राहतं, आणि वाजवणाऱ्याचा श्वास तुटत नाही. याच जव्हार तालुक्यातले वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा शहरातल्या अनेकांनी तारपा हा शब्द पहिल्यांदा ऐकला. मी जे पाहिलं त्यात लक्षात राहिला तो शेजारी घुंगरांची काठी जमिनीवर आपटणारा पोरगा. तारपेवाला वळला की नाचणारी अख्खी साखळी वळते, त्याला कुणी पाठ दाखवत नाही. पण तारपेवाल्याची नजर त्या काठीवर होती.

एप्रिल म्हणजे बाबासाहेबांच्या जयंतीचा महिना. वरळीच्या बीडीडी चाळींमध्ये, पुनर्विकासाच्या पत्र्यांच्या कुंपणाला लागून घातलेल्या मांडवात, रात्री दहा वाजता सुरू व्हायची ती गायन पार्टी साडेअकराला सुरू झाली. पुढे बुवा, पेटी त्यांच्याच हातात. मागे कोरसला चार बाया आणि दोन पोरं. वामनदादा कर्डकांचं गाणं लागलं तेव्हा बुवांनी शेवटचं कडवं म्हणायच्या आधीच मांडवातल्या लोकांनी ते म्हटलं. वामनदादा शेवटच्या ओळीत आपलं नाव गुंफत, त्यामुळे गाणं कुणाचं ते पोरालाही कळतं. पण मला सांगायचंय ते टाळीबद्दल. कव्वालीच्या अंगाने जाणाऱ्या या गाण्यांत कोरसच्या टाळीवर सगळं उभं असतं. त्या चौघींतली एक उघड उघड दमलेली होती, बहुधा दिवसभर कुठे कामावरून आलेली. तिची टाळी मात्र सम चुकत नव्हती. बुवा भरात येऊन लय वाढवू लागले की ती मान न हलवता टाळी अर्ध्या केसाने मागे ठेवायची आणि बुवा ठिकाणावर यायचे. घोड्याचा लगाम असा दिसतो. दोन वाजता पोलिसांची गाडी आली, माइक बंद झाला. लोकांनी उरलेलं गाणं माइकशिवाय म्हटलं, आणि टाळी तीच.

इथे विठ्ठल उमपांची आठवण येणं साहजिक. २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर कार्यक्रम चालू असतानाच ते मंचावर कोसळले आणि गेले. त्यांचं 'जांभूळ आख्यान' ज्यांनी बघितलं आहे त्यांना सांगायला नको, की तो माणूस एकटा दहा जणांची कामं करत असे. पण गोंधळी अंगाच्या आख्यानात पुढच्याला प्रश्न विचारणारा, मध्येच 'मग काय झालं?' म्हणणारा, खोटं खोटं न समजलेला एक साथीदार लागतो. तो नीट मूर्ख झाला नाही तर पुढचा शहाणा दिसत नाही. संबळावर हात चालू ठेवून मूर्ख होणं हे काम सोपं नाही.

आषाढात वारीबरोबर दोन मुक्काम चाललो. वाल्ह्याला रात्री कीर्तन होतं. महाराज तरुण, आवाजाचे गोड आणि यूट्यूबवर मोठे. विनोदही त्यांचे तिथलेच. मला कंटाळा आला असता, पण मागे दोन रांगांत टाळकरी होते आणि त्यांत सत्तरीचे एक बुवा होते. महाराज अभंगाचं धृपद सोडून निरूपणात शिरायचे आणि पंधरा-वीस मिनिटं भरकटून यायचे. कुठल्या शब्दावर ते परत येणार हे या बुवांना आधीच कळायचं. टाळ हळूच उचलला जाई, शेजारच्याला कोपराची खूण, आणि महाराजांच्या तोंडातून अर्धा शब्द निघतो न निघतो तोच धृपद सगळ्या रांगेने उचललेलं असे. महाराजांना वाटत होतं आपण कीर्तन करतोय. (हे वाक्य मी तिथल्या एका वारकऱ्याला म्हणून दाखवलं. त्याला ते आवडलं नाही.)

पण वारकऱ्यांनी मागच्या रांगेचा मान राखला आहे, हे कबूल केलं पाहिजे. तुकोबांचे चौदा टाळकरी परंपरेने सांगितले आहेत, नावानिशी. त्यांतले संताजी जगनाडे आणि गंगाराम मवाळ हे तुकोबांचे अभंग उतरून घेणारे. एक तेली, एक ब्राह्मण. इंद्रायणीत वह्या बुडवल्याची कथा घरोघरी माहीत आहे. पण वह्या तरल्या या चमत्काराइतकीच मला ती दुसरी गोष्ट मोठी वाटते, की मागे उभं राहून धृपद धरणाऱ्यांनी घरी जाऊन ते लिहून ठेवलं. सुदुंबऱ्याला संताजींच्या समाधीपाशी यंदा मी पहिल्यांदा गेलो. देहूपासून कितीसं लांब आहे? तरीही पन्नाशी उलटेपर्यंत गेलो नव्हतो.

धनगरी ओव्यांचं प्रकरण आणखी निराळं. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याने माणसं, रस्ते, कुत्री, सगळं पिवळं होऊन जातं. ढोलांचा आवाज छातीत बसतो. ती यात्रा लोक बघायला येतात. पण 'सुंबरान' मांडून बसून गायल्या जाणाऱ्या ओव्या बाजूला, झाडाखाली, कुणी फारसं थांबत नाही अशा जागी असतात. त्यांत गाण्याचा एक तुकडा येतो आणि मग तीच गोष्ट बोलण्याच्या चालीत, भराभरा, पुन्हा सांगितली जाते. तिला सपादणी म्हणतात. गाण्यात जे उडत उडत गेलं ते सपादणीत पायावर उभं राहतं: मेंढरं किती होती, पाऊस कुठे लागला, बाणाईने काय उत्तर दिलं. गुंथर सोन्थायमर (१९३४–१९९२) या जर्मन अभ्यासकाने धनगरांबरोबर हिंडून ही परंपरा टेपवर घेतली, ॲन फेल्डहाउस यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्यावर पुढे काम केलं. मी झाडाखाली ज्यांना ऐकलं त्यांत सपादणी करणाऱ्याला गाता येत नव्हतं. घसा बसलेला. म्हणूनच त्याला ते काम दिलं होतं की काय, विचारायचं राहिलं. मधे एक मेंढरू हरवतं त्या प्रसंगाला गाणारा दोन ओळींत पुढे गेला. सपादणीवाल्याने मात्र त्या मेंढराला दहा मिनिटं शोधलं. कुठल्या ओढ्याला बघितलं, कुठल्या बांधाला, कुणाला विचारलं. ऐकणारे चार-पाच जण अस्वस्थ झाले, एक जण तर उठून उभा राहिला.

वहीत न आवडलेल्याही नोंदी आहेत, त्यातली एक सांगतो. एका शहरातल्या सभागृहात लोककलांचा सोहळा होता. शाल, श्रीफळ, मानपत्र. लावण्या झाल्या त्या ट्रॅकवर. ढोलकी पेनड्राइव्हमध्ये, कोरस पेनड्राइव्हमध्ये, बाई एकट्या मंचावर. त्यांची अदा उत्तम होती. पण एका जागी त्यांना टाळ्या पडल्या, त्या थांबल्या, प्रेक्षकांकडे बघून हसल्या, आणि पेनड्राइव्ह पुढे गेला. बिचाऱ्या धावत धावत आपल्या गाण्याला गाठायला गेल्या. चौफुल्याच्या बारीत हे घडलं असतं तर मागे बसून गाणाऱ्या बायकांनी ती ओळ दहादा घोळवली असती, तबला-पेटीवाल्यांनी हसत हसत जागा वाढवली असती, फर्माईश करणाऱ्याचा खिसा हलका झाला असता. ट्रॅक स्वस्त पडतो हे मला मान्य आहे. आठ माणसांचं भाडं, जेवण, मुक्काम कोण देणार? त्या संयोजकांनी तर शाहिरालाही 'दोनच साथीदार आणा' असं कळवलेलं. शाहिराने दोन आणले. उरलेले तिघे स्वतःच्या पैशाने एसटीने आले आणि शेवटच्या पोवाड्याला विंगेतून झील धरली. प्रेक्षकांना वाटलं, साऊंडवाल्याने काहीतरी चांगलं केलं.

कोकणातल्या जाखडीबद्दल लिहायचं होतं. तिथे तर शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात मागचे गातात आणि पुढचे नाचतात, त्यामुळे मागचा कोण आणि पुढचा कोण हाच प्रश्न पडतो. हीच जाखडी मॉरिशसला गेलेल्या मराठी माणसांनी 'झाकरी' म्हणून जपली आहे. समुद्र ओलांडताना पुष्कळ काही मागे टाकावं लागलं असेल, पण फेर धरायचा तर मागे गाणारे हवेतच, तेव्हा तेही बरोबर गेले. पण यंदा गणपतीत मी कोकणात नव्हतो, गोव्यात होतो, म्हणून तो विषय पुढच्या वर्षी.

गोव्यात चवथीला फोंड्याजवळ एका मित्राच्या घरी गेलो. जुनं घर, देवापुढे माटोळी बांधलेली, तिच्यात रानातली फळं, कांगणां, सुपाऱ्यांचे घोस. रात्री नऊच्या सुमारास वाड्यावरची माणसं आरतीला जमली. घुमट आरती. घुमट म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडा मातीचा घट. मोठ्या तोंडावर कातडं, लहान तोंड उघडं. उजव्या हाताने वाजवायचं आणि डाव्या तळव्याने लहान तोंड झाकत-उघडत आवाज घुमवायचा. पूर्वी त्यावर घोरपडीचं कातडं चढत असे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते बंद झालं. आता बकऱ्याचं असतं, आणि जुनी माणसं आजही कान लावून म्हणतात, तो आवाज नाही. २०१९ साली गोवा सरकारने घुमट हे राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. घोरपडी वाचल्या, घुमटही वाचलं.

आठ-दहा घुमटं, एक शामेळ आणि काशाची कासाळी. आरत्या मराठीत, घरातलं बोलणं कोंकणीत. पण आपल्याकडच्या चार मिनिटांत उरकलेल्या आरतीशी त्याचं काही नातं नाही. एक ओळ एक जण उचलतो, ती दहा जण घेतात, मग घुमटं बोलू लागतात, लय चढते, पडते, पुन्हा ओळ. पुढचा कोण हे शेवटपर्यंत कळत नाही, कारण दर ओळीला माणूस बदलतो. मागच्या रांगा ऐकत वर्षभर फिरलेल्या मला इथे रांगच सापडेना. अख्खं घर एकमेकांची री ओढत होतं.

तिसऱ्या आरतीला यजमानांनी प्रेमाने कासाळी माझ्या हातात दिली. तुम्ही एवढं लिहिता, जरा धरा. दोन तबकड्या, त्यांना वाजवायला काय लागतं? पहिली चार आवर्तनं बरी गेली. मग घुमटांनी लय दुप्पट केली आणि मी जिथे होतो तिथेच राहिलो. शामेळवाल्याने एकदा मान वर करून पाहिलं. मी घाई केली, तर पुढे निघून गेलो. सूर नाही, शब्द नाही, नुसता एक ठोका ठिकाणावर ठेवायचा होता. कुणी काही बोललं नाही. आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा, यजमानांच्या भावाचा, दारातून आत आला, माझ्या दोन्ही हातांतून कासाळी काढून घेतली आणि माझ्याकडे न बघता समेवर वाजवायला लागला.